कॉलनीत फायबर आणायचंय? आधी पाइप टाका, मग कंपनीला फोन करा

उभी नोकरी दूरसंचार खात्यात केबल जॉइंटर म्हणून झाली. आधी तांब्याच्या जोड्या जुळवल्या, शेवटी शेवटी काचेच्या तारा, म्हणजे फायबर. त्यामुळं निवृत्तीनंतर ‘काका, आपल्याकडं फायबर कधी येणार?’ हा प्रश्न माझ्याच फाटकाशी यायचा. आमची कॉलनी सांगलीच्या कडेला, प्लॉट पाडून वसलेली. चौसष्ट घरं, चार गल्ल्या, मधे मारुतीचं देऊळ. बाहेरच्या मोठ्या रस्त्यावरून दोन कंपन्यांची फायबर गेलेली होती, पण आत यायला एकही तयार नव्हती. आज त्या दोन्ही आत आहेत. आसपासच्या कॉलन्यांतून विचारणा होते, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

आधी कंपनीचं गणित समजून घ्या. काचेची तार महाग नसते. महाग असते ती खोदाई, खोदलेला रस्ता परत नीट करायचा खर्च, आणि सगळ्यात महाग माणसांची समजूत घालणं. कंपनीचा इंजिनिअर पाहणीला येतो. एकजण म्हणतो, माझ्या दारातून चर नको. दुसरा म्हणतो, खांब माझ्या कंपाउंडला नको. तिसरा म्हणतो, अध्यक्षांना विचारा. आणि अध्यक्ष पुण्याला मुलाकडं गेलेले. असे एक-दोन हेलपाटे झाले की तुमच्या कॉलनीचं नाव त्याच्या यादीत तळाला जातं. त्या लोकांच्या बोलण्यात ‘होम पास’ हा शब्द सारखा येतो. ज्या घरासमोरून तार गेली ते घर होम पास, आणि ज्यानं जोडणी घेतली ते कनेक्टेड. पहिला आकडा मोठा आणि दुसरा लहान असला की पैसा मातीत गेला असं ते धरतात.

म्हणून कंपनीकडं नुसतं इंटरनेट मागायला जाऊ नका. तयार वाट आणि सह्या केलेलं गिऱ्हाईक घेऊन जा. आणि ती वाट, म्हणजे जमिनीतला पाइप, कॉलनीच्या मालकीचा ठेवा. तार कोणाचीही असू दे. पाइप कंपनीचा असला की दुसरी कंपनी आत येत नाही, आणि दुसरी येत नाही म्हटल्यावर पहिलीला तुमचा फोन उचलायची घाई राहत नाही.

वही काढा

व्हॉट्सॲपच्या गटावर ‘कोणाकोणाला पाहिजे?’ असं विचारून काही होत नाही. अंगठे भरपूर येतात, सही कोणाची येत नाही. शंभरपानी वही घ्या आणि घरोघर जा. संध्याकाळी, मालिका सुरू व्हायच्या आत. एका घराला एक पान द्या. त्यावर प्लॉट नंबर, मालकाचं नाव, राहतं कोण, सध्या इंटरनेट कोणाचं, महिन्याला किती जातात, काम कशाचं (घरून नोकरी, मुलांचे क्लास, नुसता टीव्ही), तार घरात कुठून घेता येईल, आणि खाली सही. घरात भाडेकरू असेल तर दोघांशी बोलावं लागतं. बिल भाडेकरू भरणार, पण भिंतीला भोक पाडायची परवानगी मालकच देणार.

‘नको’ म्हणणाऱ्याचंही पान भरा. चर त्याच्याही दारावरून जाणार आहे. त्याच्याकडून ‘जोडणी नको, पण चराला हरकत नाही’ एवढं लिहून घ्या. आमच्याकडं खरी अडचण ज्या दोन घरांनी केली असती, ती या एका ओळीनं मोकळी झाली. इंटरनेटला त्यांचा विरोध नव्हताच. न विचारता खोदतील ही धास्ती होती.

शंका ऐकून घ्या, हसू नका. तिसऱ्या गल्लीतल्या एका आजींनी विचारलं, “त्या तारेतनं किरणं येतात म्हणं?” म्हटलं, “येतात, पण काचेच्या आतच राहतात. उजेडच तो, डोळ्याला न दिसणारा.” “न दिसणारा उजेड कसला रे बाबा,” म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या. सही चहानंतर झाली. एका वहिनींची हरकत मात्र रास्त होती. दिवाळीत रंग दिलेला, भिंतीला नवं भोक नको. अशा घरी एसीच्या पाइपाचं किंवा जुन्या टेलिफोनचं भोक शोधायचं. बहुतेक घरांत ते असतंच. नवीन पाडावंच लागलं तर ड्रिल आतून बाहेर किंचित उतरतं धरायचं आणि बाहेर तारेला खाली लोंबता झोळ द्यायचा, म्हणजे पावसाचं पाणी तारेवरून आत येत नाही. हे प्रत्येक तंत्रज्ञाला माहीत असतं, पण सांगितल्याशिवाय करत नाहीत.

कोणाकडं जायचं

दारं तीन. मोठ्या कंपन्या, जिल्ह्यातले छोटे इंटरनेटवाले, आणि आपला नेहमीचा केबलवाला. हा केबलवाला आता बहुतेक ठिकाणी यांपैकीच कोणाचा तरी भागीदार असतो. बीएसएनएलची घरगुती फायबरसुद्धा बऱ्याच ठिकाणी अशा स्थानिक भागीदारामार्फतच येते. त्यामुळं ‘कंपनी कोणती’ इतकाच ‘इथं बघणारा माणूस कोण’ हा प्रश्न महत्त्वाचा. त्याची शिडी कुठं असते, जोडणीचं मशीन त्याचं स्वतःचं आहे की भाड्यानं आणतो, रविवारी फोन लागतो का, हे शेजारच्या कॉलनीत जाऊन विचारा. जाहिरातीत हे नसतं.

छोट्या इंटरनेटवाल्याकडं परवान्याची प्रत मागा. इंटरनेट पुरवायच्या परवान्यांत अ, ब आणि क असे वर्ग आहेत. अ वर्ग देशभरासाठी, ब साधारण एका राज्याएवढ्या टेलिकॉम सर्कलसाठी, क जिल्ह्याएवढ्या भागासाठी. क वर्गवाला म्हणजे कमअस्सल असं अजिबात नाही. पण परवानाच नसेल आणि दुसऱ्याची जोडणी फोडून वाटत असेल, तर चार हात लांब राहा.

इथंच दुसरी गोष्ट सांगतो, कारण प्रत्येक बैठकीत एखादा हुशार मुलगा हे सुचवतोच: ‘काका, सोसायटीच्या नावानं एक मोठी लाइन घेऊ आणि सगळ्यांना वाटून पैसे घेऊ.’ करू नका. पैसे घेऊन दुसऱ्याला इंटरनेट पुरवणं हे परवान्याचं काम आहे. देवळाच्या पटांगणात किंवा बागेत सार्वजनिक वाय-फाय ठेवायची हौस असेल तर पीएम-वाणी ही २०२० साली आलेली योजना आहे. तिच्यात पीडीओ (पब्लिक डेटा ऑफिस) म्हणून छोट्या दुकानदारालाही विनापरवाना वाय-फाय देता येतं. घरोघरच्या जोडणीसाठी ती वाट नव्हे.

तुमची वसाहत ग्रामपंचायतीच्या हद्दीत असेल तर आधी ग्रामपंचायत कार्यालयात डोकावून या. भारतनेटची (ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणाऱ्या सरकारी योजनेची) फायबर तिथवर आलेली असली आणि पेटीतले दिवे लुकलुकत असले, तर निम्मा रस्ता झालेला आहे. तिथून घरापर्यंत आणणारा भागीदार कोण, एवढंच शोधायचं उरतं.

वरून की खालून

वरून तार टाकणं झटपट आणि स्वस्त. एका दिवसात गल्ली होते. तरी मी खालूनच म्हणतो, आणि त्याची कारणं आमच्या भागातलीच आहेत. ऊसतोड सुरू झाली की मार्चपर्यंत या रस्त्यांवरून वाढे वर आलेल्या ट्रॉल्या जातात. एक उंच ट्रॉली वळणावर आली की अख्ख्या गल्लीचं इंटरनेट तिच्या मागं ओढत जातं. गणपतीत मंडळाची मूर्ती आणताना पोरं बांबूनं तारा उचलून धरतात, तेव्हा काच आत मोडते आणि बाहेरून काही दिसत नाही. संक्रांतीला मांजा आहेच, खारी तर बारमाही.

शिवाय खांब कोणाचे? महावितरणच्या खांबाला तार बांधायला महावितरणची परवानगी लागते. नसेल तर तारा कधीही उतरवल्या जातात, आणि त्यात त्यांचं चुकत नाही. विजेच्या खांबावर चढणाऱ्या वायरमनच्या जिवाशी गाठ असते. परवानगी घेऊन वरूनच न्यायची वेळ आली, तर आत-बाहेर कुठंही धातू नसलेली केबल वापरायला सांगा. तिला एडीएसएस म्हणतात. पोलादी तारेचा आधार दिलेली केबल विजेच्या तारांजवळ नको म्हणजे नको.

चर

खालून न्यायचं ठरल्यावर पहिला प्रश्न रस्ता कोणाचा. लेआउटचे अंतर्गत रस्ते आणि मोकळी जागा महापालिकेकडं हस्तांतरित झाली असेल तर खोदाईची परवानगी पालिकेच्या बांधकाम विभागाची. झाली नसेल तर सोसायटीचा ठराव पुरतो. आमचे रस्ते अजून सोसायटीकडंच आहेत, म्हणून काम सोपं झालं. कॉलनीच्या फाटकाबाहेरचा मोठा रस्ता ओलांडायची परवानगी कंपनीनं काढायची, ते आपलं काम नाही. दूरसंचार कायदा २०२३ खालचे राइट ऑफ वेचे (तारेला वाट द्यायच्या परवानगीचे) नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत, आणि असे अर्ज ऑनलाइन होतात. आपण फक्त अर्जाचा क्रमांक मागून घ्यायचा. ‘परवानगीला टाकलंय’ हे वाक्य क्रमांकाशिवाय ऐकायचं नाही.

वेळ दिवाळीनंतरची धरा. पावसाळा जवळ आला की पालिका खोदाईच्या परवानग्या थांबवतात, आणि काळ्या रानात पावसात चर धरतच नाही. आमच्याकडची माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते, पावसात फुगते. त्यामुळं पाइप नुसता मातीत टाकून माती लोटली तर पहिल्या पावसाळ्यानंतर रस्त्यावर नाला दिसतो. चराच्या तळाला वाळूचा किंवा बारीक मुरमाचा थर, त्यावर पाइप, पुन्हा थर, मग माती थोडी थोडी घालून पाणी मारून धुम्मस. वर फूटभर उरलं की पिवळी इशारापट्टी अंथरायची. उद्या कोणी कुदळ मारली तर आधी पट्टी लागते.

खोली किती? लांब पल्ल्याच्या केबलीला आमच्या खात्याचा दंडक १६५ सेंटिमीटरचा होता. कॉलनीत एवढं नको. गल्लीच्या कडेनं अडीच-तीन फूट, आणि जिथं वाहनं वरून जातात तिथं आणखी खाली, जाड पाइपच्या आतून. पाइप एचडीपीई प्लॅस्टिकचा, ४० मिलिमीटरचा, आतून गुळगुळीत वंगणाचा थर असलेला. दुकानात पीएलबी डक्ट मागा. आणि एक नाही, दोन टाका, वेगवेगळ्या रंगाचे. दुसऱ्याचा खर्च फक्त पाइपापुरता, खोदाई तीच. पहिल्या कंपनीला एक रंग द्यायचा, दुसरा रिकामा ठेवायचा. बैठकीत या दुसऱ्या पाइपावर सगळ्यात जास्त वाद झाला. ‘रिकामा पाइप पुरायला पैसे कशाला?’ उत्तर पुढं येईलच.

वळणावर एल्बो (काटकोनी जोड) वापरू नका. नळाची सवय असलेला प्लंबर हमखास एल्बो लावतो, आणि मग त्यातून केबल ओढता येत नाही. पाइप मोठ्या घेरानं वळवा, किंवा वळणावर चेंबर बांधा. सरळ गल्लीत साधारण पन्नास-साठ मीटरवर एक चेंबर पुरे. पाइपात नायलॉनची दोरी ओवून ठेवा आणि दोन्ही टोकांना बुचं लावा. बुचं विसरलात तर पहिल्याच पावसात पाइप गाळानं भरतो, उरलेली जागा उंदीर घेतात.

खोदाईच्या टोळीबरोबर कॉलनीतला एक माणूस पूर्ण वेळ उभा हवा, आणि नळजोडण्या कुठून गेल्यात हे माहीत असलेला प्लंबर हाकेच्या अंतरावर. फायबरचा चर नळाच्या पाइपला लागला की लोक फायबरचं नाव काढू देत नाहीत. बाहेरच्या रस्त्याजवळ खोदताना ‘कॉल बिफोर यू डिग’ या सरकारी ॲपवर नोंद करा. २०२३ पासून ते सुरू आहे. तिथून कोणाची केबल, कोणाची गॅसलाइन गेलीय त्यांना खबर जाते.

आणि बुजवायच्या आधी फोटो. हे काम मी कोणावर सोपवलं नाही. चरात मोजपट्टी उभी धरायची, दुसरी पट्टी कंपाउंडच्या भिंतीपासून पाइपापर्यंत आडवी, आणि फोटोत प्लॉटचा नंबर दिसला पाहिजे. प्रत्येक घरासमोर एक फोटो. ‘प्लॉट २३, भिंतीपासून ७० सेंटिमीटर, खोली ८५’ असं खाली लिहायचं. पुढं कोणी फाटक बदलायला किंवा कडुनिंब लावायला खड्डा काढतो, तेव्हा हे फोटो कामाला येतात.

खर्च आम्ही घरटी वर्गणीतून केला. ‘जोडणी नको’ म्हणणाऱ्यांकडून घेतला नाही. पुढं कधी जोडणी घेतली तर तेवढेच पैसे भरायचे असं ठरावात लिहिलं. पाइपाचं भाडं कंपनीला लावायच्या फंदात पडू नका. ते शेवटी आपल्याच बिलात येतं.

उजेडाचा हिशेब

आता जरा तांत्रिक, पण हे कळलं की तंत्रज्ञ तुम्हाला उडवून लावत नाही. घरोघरच्या फायबरची नेहमीची पद्धत जीपॉन. कंपनीच्या केंद्रात ओएलटी नावाचं यंत्र असतं, तिथून एक काच निघते आणि वाटेत स्प्लिटरमधून फुटून घराघरात जाते. घराकडं येणारा उजेड १४९० नॅनोमीटरचा, परत जाणारा १३१० चा. दोन्ही एकाच काचेतून. स्प्लिटरला वीज लागत नाही, ही यातली खरी मेहेरबानी.

प्रत्येक फाट्यावर उजेड कमी होतो. चार फाट्यांच्या स्प्लिटरला साधारण ७ डेसिबल (उजेडाची घट मोजायचं माप) जातात, आठच्याला साडेदहा. आमच्या कॉलनीत चार आणि मग आठ असे दोन टप्पे आहेत, म्हणजे एका काचेवर ३२ घरं आणि साडेसतरा डेसिबल खर्च. केंद्र तीन किलोमीटरवर, किलोमीटरमागं धरा ०.३५, म्हणजे एक. कनेक्टरांचे दोन, जोडांचे अर्धा-पाऊण. सगळे मिळून एकवीसच्या आसपास. ओएलटीनं ३ डीबीएमनं (हे उजेडाच्या ताकदीचं माप; उणे आकडा जितका मोठा तितका उजेड कमी) उजेड सोडला तर घरी उणे १८ पोचतो. घरातलं यंत्र उणे २७ पर्यंत धरतं, पण काठावर राहायचं कशाला? उणे २५ च्या खाली आकडा गेला की मी तंत्रज्ञाला परत पाठवतो. बहुतेक वेळा कनेक्टर पुसला की दोन-तीन डेसिबल परत येतात.

वेगाचंही ऐका. जीपॉनची एक काच खाली येताना २.४८८ गिगाबिट देते. ३२ घरांनी एकाच क्षणी सगळा जोर लावला तर वाट्याला ७८ मेगाबिट येतात. तसं घडत नाही, म्हणून शंभर-दोनशेचे प्लॅन विकता येतात. पण रात्री नऊला वेग कोसळत असेल तर दोष बहुधा या काचेचा नसतो. केंद्राच्या मागं कंपनीनं घेतलेली लाइन कमी पडत असते. ‘एका काचेवर किती घरं? मागं किती?’ हे दोन प्रश्न करार करायच्या आधी विचारा. सरकारी व्याख्येत २ एमबीपीएस मिळालं तरी ते ब्रॉडबँडच, त्यामुळं नुसत्या शब्दावर जाऊ नका.

आणखी एक धूर्तपणा चालतो. फायबर गल्लीच्या तोंडावरच्या डब्यापर्यंत आणायची, डब्यात स्विच बसवायचा आणि तिथून घरात निळी लॅन केबल. विकताना म्हणायचं फायबरच. तो डबा विजेवर चालतो. लाइट गेली की इंटरनेट गेलं, आणि वळवाच्या पावसात एक वीज जवळ पडली की स्विचची सगळी पोर्टं जळून जातात. काच थेट घरात येणार का, हे लेखी घ्या.

कागद

करार दोन पानांचा पुरे. पाइप, चेंबर सोसायटीचे; कंपनीला फक्त वापराची मुभा. दुसऱ्या कंपनीला मनाई नाही, हे वाक्य स्पष्ट शब्दांत. प्रत्येक कंपनीचा स्प्लिटरचा डबा स्वतंत्र, नाव लिहिलेला. चेंबरमध्ये दहा-पंधरा मीटर केबल गुंडाळून राखीव. खोदलं तर पूर्ववत करून द्यायचं. अख्खी गल्ली बंद पडली तर किती तासांत माणूस येणार, आणि नाही आला तर बिलातून काय कापणार. घर सोडताना यंत्र परत दिल्यावर अनामत किती दिवसांत. जुना लँडलाइन नंबर असलेल्यांनी तोच नंबर फायबरवर राहील का हे आधी विचारावं. आमच्याकडच्या निम्म्या ज्येष्ठांचा जीव इंटरनेटपेक्षा त्या नंबरात होता.

एका कंपनीच्या माणसानं ‘पाच वर्षं दुसरं कोणी नको’ या अटीवर पाइपाचा सगळा खर्च द्यायची तयारी दाखवली होती. बैठकीत अर्धे लोक खूश झाले. मी एवढंच म्हटलं, “फुकटचा पाइप पाच वर्षं बिलातून फेडायचाय.” ठराव बारगळला.

जोडणीचा दिवस

जोडाचं काम सावलीत आणि वारा नसलेल्या कोपऱ्यात करायला जागा द्या. देवळाच्या ओवरीत कंपनीचा जॉइंटर पोरगा बसला होता, पंचवीस-सव्विसचा. काचेवरचं रंगीत आवरण त्यानं एका ओढीत काढलं, स्पिरिटच्या कापसानं पुसलं. पुसताना काच चिरचिर वाजली की ती स्वच्छ झाली. मग क्लीव्हरवर, म्हणजे काच कापायच्या यंत्रावर, ठेवून टकटक, टोक सपाट. दोन टोकं मशीनमध्ये समोरासमोर. पडद्यावर केसाएवढी काच खांबाएवढी दिसते. ठिणगी, आणि आकडा आला ०.०२. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली. आमच्या वेळी हा आकडा मिळवायला घाम निघायचा. वरून आकसणारी नळी गरम केली, आणि रंग बघून ट्रेमध्ये बसवली: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी. हा क्रम पाठ असलेला जॉइंटर आणि रंग शोधत बसणारा जॉइंटर यांच्या कामात फरक दिसतो.

तुटलेले काचेचे तुकडे बाटलीत टाकायला लावा. जमिनीवर पडले तर दिसत नाहीत आणि पोरांच्या पायात घुसतात. उघड्या टोकात डोळा घालून कोणी बघू नये. उजेड दिसत नाही म्हणून तो नाही असं नव्हे. तंत्रज्ञ तपासायला जो लाल लेझर सोडतो तोही डोळ्यावर घ्यायचा नाही.

घरात हिरव्या टोपीचा कनेक्टर येतो, एससी-एपीसी. त्याचं टोक आठ अंशांत तिरपं घासलेलं असतं. निळ्या टोपीचा सरळ असतो. हिरव्याला निळा जोडला तर बसतो, पण उजेड सांडतो. तंत्रज्ञ निघायच्या आधी उजेड मोजणाऱ्या पॉवर मीटरवरचा आकडा बघा आणि तारखेसह स्टिकरवर लिहून यंत्राच्या खाली चिकटवा. पुढं बिघाड झाला की ‘तेव्हा उणे १९ होतं, आता उणे २६ आहे’ असं सांगता येतं, आणि फोनवरचा माणूस ‘राउटर बंद-चालू करा’ म्हणायचं थांबतो.

वेग आधी लॅन केबल लावून मोजा, मग वाय-फायवर. केबलवर शंभर आणि बेडरूममध्ये बारा येत असतील तर तक्रार कंपनीकडं नाही, भिंतीकडं करायची. यंत्र लोखंडी कपाटात, टीव्हीच्या मागं किंवा देवघराच्या कोनाड्यात ठेवू नका. घराच्या मध्यावर, डोक्याएवढ्या उंचीवर ठेवा. ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय वेगवान पण भिंतीला हार मानतं, २.४ चं लांब जातं पण सावकाश. दुमजली घरात वर एक कॅट-६ केबल ओढून दुसरा राउटर लावणं हाच सरळ उपाय. आणि बारा व्होल्टचा छोटा यूपीएस घ्याच. काचेला वीज लागत नाही, पण घरातल्या डब्याला लागते.

त्यानंतर

यंत्रावर एलओएसचा (उजेड येत नाही असं सांगणारा) लाल दिवा लागला तर आधी शेजारी विचारा. फक्त तुमच्याकडं असेल तर यंत्रामागची पिवळी किंवा पांढरी बारीक तार बघा. ती कपाटाखाली चेमटली असेल, पोरानं ओढली असेल, नाहीतर बोटाएवढ्या घेरात वळली असेल. सगळ्या गल्लीत असेल तर जेसीबी कुठं चाललाय का, ते बघायला माणूस पाठवा. तक्रार केलीत की डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घ्या. तो असल्याशिवाय कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडं जाता येत नाही, आणि अपिलाची पायरी आहे हे बहुतेकांना ठाऊकच नसतं.

विजेवर चालणारी कुठलीही पेटी बसवताना २०१९ च्या आणि २०२१ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं ते भिंतीवर बघा आणि त्याच्या वर बसवा. काचेला पाण्यानं लगेच काही होत नाही, पण जोडाच्या डब्यात गाळ शिरला की एकेका घराचं इंटरनेट बंद पडायला लागतं. पावसाळ्याआधी चेंबरची झाकणं उघडून डब्यांची रबरं बघायला तंत्रज्ञाला बोलवा.

दुसरी कंपनी पहिल्या जोडणीनंतरच्या पावसाळ्यातच विचारायला आली. खोदाई बंद होती, पण त्यांना खोदायचं नव्हतंच. रिकाम्या पाइपातली दोरी एका टोकाला केबलला बांधली, दुसऱ्या टोकाला दोन माणसं, आणि दुपारपर्यंत गल्ली झाली. त्या महिन्यात पहिल्या कंपनीनं आपणहून प्लॅनचा दर उतरवला. नकाशा, फोटो आणि करार यांची एक फाइल सेक्रेटरीकडं आणि एक देवळाच्या कपाटात आहे. बघायला यायचं असेल तर सकाळी दहानंतर या, त्याआधी मी फिरायला गेलेला असतो.